नुसतं 'प्रोसेसिंग' म्हणजे काय हो?

आज दुपारभर बाणेरला एका टपरीवर डिलिव्हरीच्या पोरांशी बोलत बसले होते. कामच होतं माझं. त्यांचे पैसे खात्यात पडेपर्यंत ॲपने त्यांना काय काय दाखवावं, ते ठरवायचंय.

एका दादांनी मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर नुसतं 'प्रोसेसिंग'. कुठे अडकलंय, कधी येणार, विचारायचं कोणाला, काही पत्ता नाही. "मॅडम, एक दिवस उशीर झाला तर चालवून घेऊ. पण सांगा तरी! घरमालकाला काय तोंड दाखवू?"

बँकेतून बँकेत पैसे पाठवायचं आयएमपीएस २०१० पासून चोवीस तास चालतं, त्याच कामाचं एनईएफटीही डिसेंबर २०१९ पासून सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तरी 'बँकेला सुट्टी होती' हे उत्तर अजून मिळतंच. कमाल आहे.

खातं जोडताना आयएफएससीमध्ये, म्हणजे बँकेच्या शाखेच्या कोडमध्ये, हमखास गडबड होते. त्यातलं पाचवं अक्षर शून्य असतं, लोक ओ टाकतात. तो शून्य ॲपनेच भरावा की! मग एक रुपया पाठवून बँकेतलं नाव समोर दाखवावं. आपलं नाव दिसलं की माणूस निर्धास्त होतो.

कपातीचंही तेच. फ्रीलान्स करणारी माझी कोथरूडची मैत्रीण बिलापेक्षा रक्कम कमी आली की आधी भांडायला उठते, टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, नंतर आठवतो. रकमेखालीच लिहा ना तो.

आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, ठळक हवा, एका टचमध्ये कॉपी होणारा. बँकेत तोच विचारतात. उद्या मीटिंगमध्ये यावरून वाजणार आहे, कारण 'एवढा लांबलचक नंबर स्क्रीन बिघडवतो' म्हणणारे आमच्याकडे आहेतच.