उलटा फिरलेला धूर

खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळते आणि संध्याकाळ झाली की घरातल्या सगळ्यांचीच डोकी जड होतात, अशा दोन तक्रारी एकाच घरून आल्या. पहिली बाष्पाची आणि दुसरी कोंदट हवेची, असे मनाशी ठरवूनच मी तिथे गेलो. घर माझ्या ओळखीचे होते. आदल्या वर्षी त्याच्या फटी मीच बुजवल्या होत्या; घर किती हवाबंद आहे हे मोजणाऱ्या ५० पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) दाबाच्या चाचणीत तासाला ९ वेळा बदलणारी तिथली हवा ३ वेळांवर आली, तेव्हा मला त्या कामाचा अभिमान वाटला होता.

आत २१ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो) १३ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे हिवाळ्यातल्या थंड काचेवर पाणी साचणारच. पण तीन माणसांच्या घरात एवढी वाफ येते कुठून, याचा हिशेब काही लागेना.

तेवढ्यात स्वयंपाक सुरू झाला आणि शेगडीवरची विजेची चिमणी लावली गेली. ती मी गेल्यानंतर बसवलेली, नवी आणि चांगलीच जोरकस होती. मी गॅस गिझरच्या कोठीत शिरलो. या जातीच्या गिझरमधला जळका वायू धुराड्यातून वर जातो तो केवळ गरम हवा हलकी असते म्हणून. ती ओढ जेमतेम काही पास्कलची असते. गिझर आणि धुराडे यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेल्या उघड्या जागेशी मी धुराची कांडी धरली. रेघ वर खेचली जायला हवी होती. ती क्षणभर थरथरली आणि सरळ माझ्या तोंडावर आली. पाठोपाठ माझ्या चष्म्याच्या काचा धुकटल्या.

बाष्पाचा उगम तिथेच कळला. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळताना सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि ते सगळे घरात येत होते. त्याच्यासोबत आणखी काय येत होते, ते माझ्या कमरेला लावलेल्या वायुमापकाने सांगितले: कार्बन मोनॉक्साइड ४० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ४० भाग) जाऊन पुढे सरकत होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटणारा हा वायू ना डोळ्यांना दिसतो, ना नाकाला कळतो. मी गिझर आणि चिमणी बंद केली, दारे-खिडक्या उघडली आणि सगळ्यांना बाहेर काढून थेट डॉक्टरांकडे पाठवले.

चिमणी बाहेर फेकत असलेल्या हवेची भरपाई पूर्वी फटींतून होत असे. त्या मी बुजवल्या आणि नव्या हवेला वाट ठेवली नाही, म्हणून घराने ती धुराड्यातून ओढून घेतली. पुढे तिथे बाहेरची हवा नळीने घेणारा बंदिस्त गिझर, चिमणीसोबत उघडणारी हवेची झडप आणि मोनॉक्साइडचा गजर बसवला.

पण त्याच रात्री मी जुन्या कामांची वही काढली. असाच गिझर असलेली आणखी सात घरे त्यात निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुराची कांडी घेऊन मी त्यातल्या पहिल्या घराच्या दारात उभा होतो.