सांत विहीर, नोंद ७ : सहावी पातळी गेली कुठे?

या नोंदी पायथनमध्ये श्रोडिंगर समीकरण बिंदूंच्या ग्रिडवर मॅट्रिक्स करून सोडवण्याच्या. सांत विहीर म्हणजे मर्यादित उंचीच्या भिंतींमधला ऊर्जेचा खड्डा. मागच्या नोंदीत १ नॅनोमीटर रुंद आणि १० इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल विहिरीत इलेक्ट्रॉनच्या सहा बद्ध पातळ्या (विहिरीत अडकून राहण्याच्या ऊर्जा) मिळाल्या होत्या. मग कोडची जरा झाडलोट केली आणि पाचच उरल्या. समीकरणाला हात लावलेला नाही, वस्तुमान तेच, भिंतीची उंची तीच. बदल एकच : ग्रिड ‘अरेंज’ऐवजी ‘लिनस्पेस’ने बनवली. (दोन्ही ‘नंपाय’ची फंक्शनं, पहिल्याला पायरी सांगायची, दुसऱ्याला बिंदूंची संख्या.)

आधी कागदावरचा हिशेब. १० इलेक्ट्रॉन व्होल्टला तरंगांक (एका नॅनोमीटरमध्ये तरंगाची कला किती रेडियन बदलते ते) येतो १६.२ प्रति नॅनोमीटर. त्याला अर्ध्या रुंदीने गुणलं की ८.१०. हे १.५७१ ने, म्हणजे अर्ध्या पायने भागलं की ५.१६, आणि त्याच्या वरचा पूर्णांक ६. म्हणजे पातळ्या सहाच. पण सहावी अगदी काठावर उभी आहे. विहीर ०.९७० नॅनोमीटरपेक्षा अरुंद झाली की ती उरतच नाही. रुंदीत तीन टक्के चूक झाली तरी खेळ खलास. विहिरीचे आकडे ठरवतानाच हा हिशेब करून ठेवावा, नंतरची बरीच शोधाशोध वाचते.

आता गुन्हेगार. ग्रिड -१ ते १, पायरी ०.०५, भिंती ±०.५ वर, म्हणजे नेमक्या ग्रिडबिंदूंवर. अट लिहिली होती : स्थानाचं निरपेक्ष मूल्य ०.५ इतकं किंवा त्याहून मोठं असेल तर विभव (स्थितिज ऊर्जा) १०. ‘लिनस्पेस’मध्ये दोन्ही काठांचे बिंदू भिंतीत गेले आणि शून्य विभवाचे १९ बिंदू उरले. प्रत्येक बिंदू आपल्याभोवतीची एक पायरी सांभाळतो, त्यामुळे खरी विहीर ०.९५ ची झाली. गंमत म्हणजे एवढ्यानेही सहावी पातळी मेली नसती. तिच्यासाठी तरंगांक गुणिले पायरी ०.८ च्या आसपास येतं, आणि तीन बिंदूंचं द्वितीय अंतर (दुसऱ्या विकलजाच्या जागी वापरलेलं) तिथे गतिज ऊर्जा साधारण पाच टक्के कमी दाखवतं. ही चूक उलट्या दिशेची, त्यामुळे पातळी कशीबशी १० च्या खाली तगली असती. पण विहिरीबाहेर दोन्हीकडे फक्त अर्धा नॅनोमीटर जागा ठेवली होती. ग्रिडच्या टोकाला तरंगफलन शून्य धरलेलं असतं, त्या बाहेरच्या कठीण भिंतीने शेवटचा धक्का दिला आणि ती वर गेली.

मग ‘अरेंज’ने सहा कशा दिल्या? तर अपघाताने. ०.०५ दोनमान पद्धतीत नेमकं बसत नाही आणि ‘अरेंज’मध्ये ती चूक पायरीगणिक वाढत जाते. डावा काठ आला -०.४९९९९९९९९९९९९९९६, उजवा ०.५ पेक्षा केसभर मोठा. डावा बिंदू विहिरीत, उजवा भिंतीत. एकूण २० बिंदू, रुंदी बरोबर १.००, फक्त अख्खी विहीर अर्धी पायरी डावीकडे सरकलेली! पहिल्या पातळीचं सरासरी स्थान छापलं असतं तर शून्याऐवजी -०.०२५ दिसलं असतं. नुसत्या ऊर्जा छापत बसलं की असलं काही कळत नाही. यापुढे प्रत्येक पातळीसोबत सरासरी स्थान छापायचंच.

नोंद ३ मधला रोग याच घराण्यातला. तिथे १ नॅनोमीटरच्या अनंत पेटीसाठी (जिच्या भिंती अनंत उंच) १०१ बिंदूंची लिनस्पेस टोकांसकट मॅट्रिक्समध्ये घातली होती. त्यामुळे पेटी दोन पायऱ्यांनी लांबली आणि पहिली पातळी ०.३७६ ऐवजी ०.३६१ आली. दुसरी मात्र तिच्या चौपटच होती. गुणोत्तर जुळलं म्हणजे उत्तर बरोबर, असं धरू नका.

इलाज सोपा आहे : काठावरच्या बिंदूला विभव १० ही नाही, ० ही नाही, ५ द्यायचं. पायरी ०.०१ असताना पहिली पातळी काठ भिंतीत धरला तर ०.३०३ येते, विहिरीत धरला तर ०.२९२. अर्ध्या विभवाने ०.२९८, आणि कागदावरही तेच. ओळखायची खूण अशी : पायरी निम्मी केल्यावर चूक फक्त निम्मी होत असेल तर काठ चुकीचा बसलाय. चौथाई झाली तर ठीक. आणि काठ शोधताना दशांशांची तुलना करू नका, बिंदूचा पूर्णांक क्रमांक वापरा.

बाहेरची जागाही वाढवावी लागली. सहावीचं तरंगफलन विहिरीबाहेर ०.४०६ नॅनोमीटरला १/ई पटीने घटतं, म्हणून अर्धा नॅनोमीटर जागेत ती ९.८१३ वर जाते, खरी आहे ९.७६९. आता दोन्हीकडे ३ नॅनोमीटर ठेवलेत. पहिलीला अर्धासुद्धा भरपूर होता.

शेवटची मांडणी : एकूण ७ नॅनोमीटर, पायरी ०.००५, दोन्ही टोकं सोडून बिंदू १३९९. उत्तरं कागदावरच्या आकड्यांशी काही हजारांशांच्या फरकाने जुळली : ०.२९८, १.१८६, २.६५२, ४.६६३, ७.१४५ आणि ९.७६९. सहा!

मॅट्रिक्समधून पातळ्या काढणारं ‘नंपाय’चं साधं ‘आयग’ यासाठी वापरू नका. ते सममिती लक्षात घेत नाही आणि उत्तरं क्रमाने लावूनही देत नाही. ‘सायपाय’मधलं त्रिकर्णी मॅट्रिक्सवालं (मुख्य कर्ण आणि त्याच्या दोन्ही शेजारचे सोडून सगळं शून्य) फंक्शन घ्या, त्याला मुख्य आणि शेजारचा असे फक्त दोन कर्ण द्यायचे आणि ० ते १० ही ऊर्जेची खिडकी सांगायची. ते नेमक्या बद्ध पातळ्या परत करतं. विरळ (बहुतेक शून्यांच्या) मॅट्रिक्सवाल्या फंक्शनचं कौतुक फार होतं, पण एका मितीत ते उगाच.

आता संभाव्यता. फंक्शनकडून आलेल्या सदिशाच्या वर्गांची बेरीज १ असते, त्यात पायरी नसते. घनता हवी तर सदिशाला पायरीच्या वर्गमुळाने भागा आणि मग वर्ग करा. विहिरीबाहेर सापडण्याची संभाव्यता पहिल्या पातळीला ०.३३ टक्के, सहावीला तब्बल ४३.८ टक्के. इथेही काठाचा बिंदू अर्धाच मोजायचा. दोन्ही काठ पूर्ण बाहेर मोजले तर सहावीच्या आकड्यात ०.५४ टक्के फुकट वाढतात, आणि ०.०५ च्या पायरीला ५ च्या वर.

पुढे क्रँक-निकोल्सनने (तरंग वेळेत पुढे सरकवण्याची पद्धत) पुनरुज्जीवन, म्हणजे तरंग विखरून पुन्हा मूळ रूपात येणं, बघायचं ठरलं होतं. १ नॅनोमीटरच्या अनंत पेटीत ते ११.० फेम्टोसेकंदांनी होतं. पण हे लिहिता लिहिता ‘अरेंज’चा अपघात डोक्यात घोळतोय : काठ मुद्दाम दोन बिंदूंच्या मधोमध ठेवला तर अर्ध्या विभवाची गरजच नाही. शिवाय गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या विहिरीत, जिथे आतलं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट आणि भिंतीतलं वेगळं, तिथे वस्तुमानाचा व्यस्त तसाही दोन बिंदूंच्या मध्येच लागतो. म्हणजे काठावर दोन्ही बाजूंच्या वस्तुमानांची सरासरी घेऊन व्यस्त टाकला की झालं. मॅट्रिक्स त्रिकर्णी आणि सममित राहतं, फंक्शन तेच चालतं. तेव्हा क्रँक-निकोल्सन थांबलं. नोंद ८ मध्ये सरकवलेली ग्रिड आणि दोन वस्तुमानं.