तुळशीबाग, मोबाइल आणि दिवाळीतली बँक

दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर पाऊल टाकू नये, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्या रविवारी सगळे तिथेच भेटतात. मी वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात मंगळवार किंवा बुधवार बघून अर्धी रजा टाकते आणि दुकानांची शटरं वर जात असतानाच तुळशीबागेत पोचते. बँकेत नोकरी करणाऱ्याला दिवाळीच्या तोंडावर रजा मिळणं खरेदीपेक्षा अवघड, पण साहेबांच्या घरच्या रांगोळीच्या रंगांची यादीही मीच घेऊन जाते, त्यामुळे जमतं.

२०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली आणि मंडईचं स्टेशन उघडलं. तेव्हापासून आर्यनला किंवा मिनर्व्हाला पार्किंग मिळेल का, ही धाकधूक संपली. 'गाडी कुठे लावायची?' हे आमच्या ह्यांचं न येण्याचं हुकमी कारण होतं, तेही गेलं. आता बिचारे पिशव्या धरायला येतात.

गर्दीत जायचं तर खांद्यावर लोंबणारी पर्स घरी ठेवावी. मी आडव्या पट्ट्याची छोटी पर्स पोटाशी घेते, फोन तिच्या आतल्या कप्प्यात. पर्स मारणारा एकटा नसतो. एक जण धक्का देतो, दुसरा 'सॉरी ताई' म्हणत आपल्याला थांबवतो आणि तिसरा काम उरकतो. आणि जपायची खरी जागा म्हणजे बांगड्यांचं दुकान. बांगड्या भरून घेताना एक हात कासाराच्या हातात, दुसरा आपण पुढे टेकवलेला, डोळे रंगांवर, मागून बायकांची रेटारेटी. पर्सकडे लक्ष द्यायला आपल्याकडे काही उरलेलंच नसतं. म्हणून भरून घेताना माझी पर्स वहिनींकडे आणि त्यांची माझ्याकडे. एकटी असले तर मापाची जुनी बांगडी बरोबर नेते, डझन बांधून घेते आणि घरी भरते.

पैसे देण्याचंही एक आहे. प्रत्येक गाळ्यावर क्यूआर कोड लटकलेला असतो आणि शेजारचा डबा 'इतके रुपये प्राप्त झाले' असं ओरडत असतो. दुकानदाराच्या कोडवर दुसऱ्याच कोणीतरी आपला स्टिकर डकवून जाण्याचे प्रकार घडतात. म्हणून स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव येतं ते मी मोठ्यांदा वाचते. कधी दुकानाचं असतं, कधी दुकानदाराच्या मेव्हण्याचं. तो 'हो हो, बरोबर' म्हणाला की मगच पिन. शिवाय इतकी माणसं एका गल्लीत कोंबली की नेटवर्क मान टाकतं. पैसे आपल्या खात्यातून गेले, डबा गप्प, मागे रांग, आणि दुकानदार म्हणतो 'परत एकदा मारा ना मॅडम'. परत मारायचं नाही. आधी व्यवहार यशस्वी, अयशस्वी की प्रलंबित ते बघायचं. अडकलेले पैसे बहुतेक वेळा आपोआप खात्यात परत येतात, दुसऱ्यांदा दिलेले मात्र दुकानदाराच्या मर्जीवर. म्हणून शंभर-पन्नासच्या नोटा मी अजूनही बाळगते.

हे एवढं सांभाळूनही मी गर्दीत का जाते, तर काही वस्तू हातात घेतल्याशिवाय कळतच नाहीत. पणतीचंच घ्या. कसब्यातल्या कुंभारवाड्यात मी टोपलीतली एकेक पणती उचलून कडेला नखाने टिचकी मारते. खणखणीत वाजली तर भट्टीत नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची नाहीतर तडकलेली, म्हणजे पाडव्यापर्यंत ओट्यावर तेलाचा गोल डाग ठरलेला. कुंभारीणबाईंना त्याचा राग येत नाही, उलट टिचकी न मारता पणत्या उचलणाऱ्यांच्या पिशवीत टोपलीच्या तळातला माल जातो, असं त्या स्वतःच हसत सांगतात. किल्ल्यावरचे मावळेही तिथलेच. नाकडोळे जरा इकडेतिकडे असतात, पण प्रत्येकाचे वेगळे असतात. भाजके पोहे मंडईतून, कारण मूठ भरून दाबल्यावर चुरा झाला तर चिवड्याचा भुगा होणार हे तिथेच कळतं.

आणि कुकर, मिक्सर, भाच्याचे बूट हे मी बिनदिक्कत मोबाइलवर मागवते. ज्या वस्तूला मॉडेल नंबर आहे ती कुठूनही घेतली तरी तीच असते, मग तिच्यासाठी घामाघूम कशाला व्हायचं? ऑनलाइन खरेदी म्हणजे फसवणूक असं मानणारी मी नाही. आमच्या शाखेत दिवाळीनंतर जे काका-काकू पासबुक घेऊन घाबऱ्या चेहऱ्याने येतात, त्यातले फार थोडे नेहमीच्या मोठ्या अ‍ॅपवर वस्तू घेताना फसलेले असतात. बाकीच्यांची गोष्ट खरेदीच्या आधी किंवा नंतर, अशा आडवाटेवर घडलेली असते जिला ते खरेदी समजतच नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी आडवाट म्हणजे पार्सलचा मेसेज. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, खालच्या लिंकवर पाच रुपये भरा.' दिवाळीत प्रत्येकाचं काही ना काही वाटेत असतंच, त्यामुळे मेसेज खरा वाटतो. कोणाला वाटत नाही की पाच रुपयांसाठी कोणी फसवेल. ते पाच रुपये कोणालाच नको असतात. ते भरताना आपण कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी लिहितो, ते हवं असतं. पार्सल कुठे आहे हे ज्या अ‍ॅपवर मागवलं त्याच अ‍ॅपमध्ये दिसतं, तिथे बघायचं. ग्राहक सेवेचा नंबरही तिथलाच घ्यायचा. गूगलवर शोधला की पहिला सापडेल तो कंपनीचाच असेल असं नाही. आणि फोनवरचा माणूस म्हणाला की 'डिलिव्हरी पक्की करायला स्टार २१ स्टार आणि हा नंबर दाबा', तर ते दाबल्यावर आपले येणारे फोन त्याच्याकडे वळतात, ओटीपीचा फोनसुद्धा.

दुसरी आडवाट आवराआवरीची, आणि हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. दिवाळीआधी घर आवरताना जुना दिवाण, फ्रीज, कपाट लोक मोबाइलवर विकायला काढतात. जाहिरात पडते न पडते तोच एक गोड बोलणारा गिऱ्हाईक फोन करतो. घासाघीस नाही, वस्तू बघायची घाई नाही, 'काका, आत्ताच पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील.' आमच्या एका खातेदारांनी असा सागवानी दिवाण विकला. दिवाण अजून त्यांच्याच घरी आहे, वर पैसे गेले. पिन लागतो तो पैसे देताना. घेताना ना पिन लागतो, ना काही स्कॅन करावं लागतं. काउंटरवर हे मी इतक्यांदा बोलते की शेजारचा कॅशिअर माझ्याआधी वाक्य पुरं करतो.

तिसरी पैठणीची. माझ्या भाचीने फेसबुकवरची जाहिरात पाठवली, 'येवल्याच्या विणकराकडून थेट, अस्सल पैठणी, ९९९ रुपये, फक्त आज.' फोटो सुंदर, पदरावर मोर. हातमागावर अस्सल रेशमाची पैठणी विणायला कित्येक आठवडे लागतात, नक्षी भरगच्च असेल तर महिने. ९९९ रुपयांत तिचा धागासुद्धा होणार नाही. यंत्रावरची सेमी पैठणी स्वस्त मिळते, ती घ्यायला हरकत काहीच नाही, पण मग तिला अस्सल म्हणायचं नाही. तरी भाचीचं समाधान व्हावं म्हणून दोघींनी ती वेबसाइट नीट वाचली. अगदी तळाशी पत्ता येवल्याचा होता आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तो भलत्याच माणसाच्या हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव कुठेच नाही, जे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे द्यावंच लागतं. वस्तू मिळाल्यावर पैसे देण्याची सोय नाही. भाची म्हणाली, 'मावशी, पण टायमर चालू आहे, अकरा मिनिटं राहिलीत.' तिला म्हटलं, बंद कर आणि परत उघड. टायमर पुन्हा तीस मिनिटांवर.

मला त्या टायमरचा खरा राग येतो. तुळशीबागेत घाई असते, पण ती खरी असते, मागे माणसं उभी असतात. घरी सोफ्यावर बसून साडी बघणाऱ्या बाईच्या मागे कोण उभं आहे? कोणीच नाही. तरी 'फक्त २ शिल्लक', '४६ जण आत्ता बघताहेत' असं दाखवून ती गर्दी तयार केली जाते. केंद्र सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरात अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, त्यात ही खोटी निकड आहे, आपण न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणंही आहे. मनाई झाली म्हणून थांबलंय असं नाही. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पण फोन करणारं अजून कोणी मला भेटलेलं नाही. माझा उपाय साधा. रात्री जेवणं झाल्यावर वस्तू कार्टमध्ये टाकते आणि झोपते. सकाळी चहा घेताना त्यातल्या निम्म्या नकोशा वाटतात.

ओटीपीबद्दल मात्र माझं जरा वेगळं मत आहे, बँकेतली असूनही. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे वाक्य आम्हीच भिंतीवर लावलंय. पण महागाचा फोन मागवला की दारात आलेला डिलिव्हरीवाला ओटीपी मागतो, आणि तो रीतसर असतो. माणसं गोंधळतात, आणि एकदा सांगायची सवय झाली की कोणालाही सांगतात. तेव्हा मेसेजमधला आकडा वाचायच्या आधी मेसेज वाचावा. 'डिलिव्हरीसाठी' असं लिहिलं असेल, माणूस दारात असेल, खोकं आपल्या हातात असेल, तर सांगा. 'व्यवहारासाठी', 'रुपये', 'खाते' असे शब्द असतील, किंवा माणूस दारात नसून फोनवर असेल, तर नाही. खोकं उघडताना मी भाच्याला व्हिडिओ काढायला लावते. पत्त्याची चिठ्ठी, चिकटपट्टी आणि मग आतली वस्तू, सलग, मध्ये न थांबवता. बदलून मागताना त्यावर वाद होत नाही.

न मागवलेलं पार्सल हा प्रकार आमच्या घरी झाला. दुपारची वेळ, मी बँकेत, घरी एकट्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. दारात मुलगा, 'आजी, सुनेने मागवलंय, आठशे चाळीस रुपये द्या.' आईंनी विचारलं, सुनेचं नाव काय? खोक्यावर होतं, त्याने वाचलं. आतमध्ये काय आहे? ते त्याला ठाऊक नव्हतं. मग आई म्हणाल्या, 'तिला यायला सहा वाजतात. थांब तोवर, सरबत देते.' तो थांबला नाही. संध्याकाळी मी अ‍ॅप उघडून बघितलं, आमचं काहीच येणार नव्हतं. त्या मुलाला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. तो खोकं पोचवायचं काम करणारा. आता घरात ठरलंय, पैसे द्यायचं पार्सल असेल तर सकाळीच आईंना रक्कम सांगून ठेवायची.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच, तर एक गोष्ट ऐका, कारण दरवर्षी दिवाळीत हेच होतं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा, दोन्ही दिवशी आपल्याकडे बँका बंद. त्याला चौथा शनिवार-रविवार जोडून आला की झालंच. लोक पैसे गेल्याचं लक्ष्मीपूजनाला बघतात आणि शाखा उघडेपर्यंत थांबतात, सणात कशाला विषय काढायचा म्हणून घरातही बोलत नाहीत. तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात पोचून एटीएममधून निघालेले असतात. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर सुट्टीलाही चालू असतो. तिथे लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येतात. बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबरही चोवीस तास असतो, कार्डाच्या मागे छापलेला. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेला नियम असा, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकावर तोटा येत नाही. पिन, ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्हीकडून घड्याळ तुमच्या फोनवर अडलेलं असतं.

शाखेत या, जरूर या, तक्रारीचा क्रमांक घेऊन या, अर्ज मी स्वतः भरून देईन. पण फोन फराळाच्या ताटावरून उठून करा, घरात कोणी काही म्हटलं तरी.