तुम्ही विचारलंत म्हणून: इंडेक्स आहे, तरी क्वेरी का रेंगाळते?

"इंडेक्स टाकला, तरी क्वेरी हळू चालते. आता काय करू?" डेटाबेसवर काम करणारे हा प्रश्न मला सारखा विचारतात. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, इंडेक्स म्हणजे हव्या त्या ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली क्रमवार सूची.) त्यावर मी आधी एवढंच विचारतो: प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवतो ते, बघितलात का? बहुतेकांनी बघितलेला नसतो. दोन-तीन इंडेक्स मात्र टाकून झालेले असतात, आणि आता प्रत्येक इन्सर्टला त्या सगळ्यांचा भार सोसावा लागत असतो.

एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेत काय हवंय ते आपण सांगतो, कसं आणायचं ते डेटाबेसचा ऑप्टिमायझर हा भाग ठरवतो. शक्य त्या मार्गांच्या खर्चाचा अंदाज बांधायचा आणि सगळ्यात स्वस्त मार्ग निवडायचा, ही पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. आजही कारभार मुख्यतः तसाच चालतो. त्यामुळे क्वेरी रेंगाळली की मी दोनच गोष्टी शोधतो: इंडेक्स वापरता येईल अशी अट आपण लिहिली आहे का, आणि ऑप्टिमायझरचा अंदाज कुठे चुकला.

पहिलीचं नेहमी दिसणारं उदाहरण. ऑर्डरच्या तारखेवर इंडेक्स आहे आणि अट अशी आहे: इयर(ऑर्डर_डेट) = २०२३. इंडेक्समध्ये तारखा क्रमाने लावलेल्या असतात, इयर फंक्शनची उत्तरं नसतात. मग डेटाबेस एकेक ओळ वाचून वर्ष काढत बसतो. कॉलम मोकळा सोडा: ऑर्डर_डेट >= '२०२३-०१-०१' आणि ऑर्डर_डेट < '२०२४-०१-०१'. इथे बिटवीन वापरून शेवटची तारीख ३१ डिसेंबर देऊ नका. कॉलममध्ये वेळही असेल तर त्या दिवशी मध्यरात्रीनंतर आलेल्या सगळ्या ऑर्डर गळतात आणि एररही येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आणखी एक खड्डा आहे. फोन नंबरचा कॉलम व्हारचार (मजकुराचा प्रकार) असताना अटीत नंबर अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तरी इंडेक्स वाया जातो.

दुसरी गोष्ट मी स्वतः रात्रभर जागून शिकलो. पोस्टग्रेस या डेटाबेसवर एक रिपोर्ट रोज काही मिनिटांत संपायचा. एका रात्री मोठा डेटा लोड झाला आणि तो तासन् तास संपेना. सर्व्हर ठीक होता, लॉक नव्हते. शेवटी प्लॅन काढला. एका टेबलमधून १० ओळी येतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात येत होत्या ४ लाख. दहाच ओळी म्हणून नेस्टेड लूप निवडला गेला होता, म्हणजे पहिल्यातल्या प्रत्येक ओळीमागे दुसऱ्या टेबलकडे एक, अशा ४ लाख खेपा. ज्यावरून अंदाज बांधला जातो ती टेबलबद्दलची आकडेवारी, म्हणजे स्टॅटिस्टिक्स, लोडच्या आधीची होती. ती ताजी करायला अ‍ॅनलाइझ कमांड चालवली, खेपा न घालता टेबलं जोडणारा हॅश जॉइन आला, रिपोर्ट संपला. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसमध्ये आपोआप चालणारी देखभाल) हे काम यथावकाश करतोच, पण लोड संपताच रिपोर्ट सुरू होत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. लोडच्या स्क्रिप्टमध्येच शेवटी अ‍ॅनलाइझ घाला. टेम्पररी टेबलांना तर ऑटोव्हॅक्यूम हात लावत नाही, तिथे अ‍ॅनलाइझ आपणच चालवायचं.

अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी बघायला वरच्या कमांडहून वेगळं एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ वापरा. मायएसक्यूएलमध्ये ते ८.०.१८ पासून आहे. पोस्टग्रेसमध्ये नेस्टेड लूपच्या आत दिसणाऱ्या ओळी एका फेरीची सरासरी असतात, म्हणून त्यांना लूप्सच्या (फेऱ्यांच्या) आकड्याने गुणा. आणि हे कळकळीने सांगतो: एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ क्वेरी खरोखर चालवतं. पोस्टग्रेसमध्ये डिलीटचा प्लॅन बघायचा असेल तर आधी बिगिन (व्यवहार सुरू), नंतर रोलबॅक (केलेलं सगळं मागे). हे न केल्यामुळे ओळी गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा क्वेरीबरोबर टेबलची व्याख्या, त्यावरचे सगळे इंडेक्स आणि एक्सप्लेन अ‍ॅनलाइझचं पूर्ण आउटपुट पाठवा. स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा.