नवेगावबांध, सारस आणि परमिटवरचं नाव

हिवाळ्यात गोंदिया-नवेगावकडे पक्षी बघायला जायचं असेल तर दुर्बीण कुठली घ्यावी, गरम कपडे किती न्यावेत, ते पुढे सांगते. आधी परमिट. आयोजक कितीही गोड बोलत असला तरी जंगलाच्या परमिटची पीडीएफ आदल्या रात्री मागून घ्यायची आणि प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राचा नंबर आपल्या डोळ्यांनी तपासायचा. "होऊन जाते मॅडम, टेन्शन नका घेऊ" हे ऐकून निर्धास्त झोपायचं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा लिहिताना तिखट पडलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, नागपूरहून एका ग्रुपबरोबर गेलो होतो. शनिवारी नवेगावबांधचा तलाव, रविवारी सकाळी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात जिप्सीची फेरी, दुपारनंतर गोंदियाजवळ सारस, आणि रात्री परत. वन्संचं वय 72. गुडघा कुरकुरतो, पण अंगणातल्या शिंजीरचं घरटं मोडू नये म्हणून दिवाळीची रंगरंगोटी पुढे ढकलणारी बाई आहे ती. कधीपासून "मला एकदा सारस दाखव" म्हणून मागे लागल्या होत्या.

पैसे भरले, पावती आली, बस वेळेवर सुटली, साकोलीला तर्री-पोहे झाले, राहायची खोली स्वच्छ होती. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळं जसं सांगितलं होतं तसं.

तलावावरची संध्याकाळ मात्र पैसे वसूल करणारी होती. नवेगावचा तलाव नैसर्गिक वाटतो, पण तो बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. भंडारा-गोंदियात असे शेकडो जुने तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले. लोक सरळ 'मामा तलाव' म्हणतात. धानाला पाणी मिळावं म्हणून बांधले आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचीही सोय झाली. आमच्याबरोबरची गाईड मुलगी याच भागातली. तिने स्पॉटिंग स्कोप तिकाटण्यावर लावला आणि आधी सगळ्यांना गप्प बसवलं. मग एकेकाला डोळा लावायला सांगितला. मला लालसरी बदक म्हणजे लालसरी एवढंच माहीत होतं. ती म्हणाली, "काकू, आधी चोच बघा." नराची चोच लालभडक आणि डोकं नारिंगी, फुगलेलं, तर मोठी लालसरी. चोच गडद, त्यावर करडा पट्टा, डोकं विटकरी, पाठ राखी, तर छोटी. एकदा नजर बसल्यावर तेच दोन ठिपके कायमचे वेगळे झाले. पलीकडच्या उथळ पाण्यात पट्टकादंब होते, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेली ही हंसं आमच्यासमोर शांतपणे गवत खात होती. काठाला कमळपक्षी पानांवरून चालत होते, टिबुकल्या बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येत होत्या.

इथला एक भाग मला आधी ठाऊक नव्हता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या बऱ्याच तलावांत बेशरम नावाचं तण माजलं होतं. ते उपटून पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावायचं काम मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बाया करतात. बदकं खातात त्यातल्या कितीतरी पाणवनस्पती याच. चिखलात कंबरभर उभं राहून केलेलं काम आहे ते. सहलीच्या माहितीपत्रकात त्याची एक ओळही नव्हती. गाईडने सांगितलं म्हणून कळलं.

आता रविवारची सकाळ.

गोंदियाची थंडी म्हणजे विदर्भात बऱ्याचदा सगळ्यात खाली पारा इथलाच. काळोखात उठून, कानटोपी-शाल करून गेटवर पोचलो तेव्हा दव नुसतं टपकत होतं. जिप्सी रांगेत उभ्या. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय चालक आणि जंगलाचा गाईड. नियम साधा आहे. परमिटवर ज्याचं नाव त्याचं मूळ ओळखपत्र बघायचं, जुळलं की सोडायचं. वनरक्षकाने टॉर्च मारून कागद वाचायला सुरुवात केली. माझं नाव झालं. पुढच्या जोडप्याचं झालं. मग तो थांबला.

"आजी कोन हाये जी?"

आम्हाला वाटलं म्हातारी बाई कोण, असं विचारतोय. वन्संनी हात वर केला. त्याने टॉर्च त्यांच्या चेहऱ्यावर, मग कागदावर, मग पुन्हा चेहऱ्यावर मारली.

"वय सत्तावीस?"

कागद मी हातात घेतला. नाव: आजी. लिंग: स्त्री. वय: 27. आधारच्या नंबरातला शेवटचा आकडा गायब. वन्संच्या व्हॉट्सॲपवर त्यांच्या नातवाने 'आजी' असं नाव ठेवून दिलंय. आयोजकाच्या माणसाने मी पाठवलेला आधारचा फोटो उघडायचे कष्ट न घेता चॅटवरचं नाव उचललं होतं आणि 72 चे 27 करून टाकले होते.

"राहू द्या, मला चालते," वन्सं म्हणाल्या. सगळे हसले. वनरक्षकही हसला, पण पेन काही पुढे सरकेना.

"मॅडमजी, आमाले का त्रास हाये? पन नाव जुळलं पाह्यजे ना. उद्या कोनी विचारलं तं मी का सांगू?"

आणि त्याचं बरोबर होतं. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरवर गेलं. आडनावाच्या एका वेलांटीसाठी मी लोकांना परत पाठवलंय, त्यांच्या शिव्या खाल्ल्यात. त्यामुळे गेटवरच्या त्या पोरावर ओरडायला माझी जीभ वळलीच नाही. राग होता तो ज्याने पूर्ण पैसे घेऊन हे काम केलं त्याच्यावर. आणि तो महाशय तिथे नव्हताच. खोलीवर झोपला होता. गाईड मुलीने फोन लावला, रेंज नाही. चालकाने स्वतःचा लावला, रेंज नाही. गेटच्या पलीकडे एका मोहाच्या झाडाखाली दोन काड्या येतात असं कोणीतरी सांगितलं, तर ती तिथे जाऊन उभी राहिली. फोन वाजला, कोणी उचलला नाही.

तोवर बाकीच्या जिप्सी एकेक करून आत गेल्या. पूर्वेकडे उजाडायला लागलं. पक्ष्यांच्या फेरीत पहिला दीड-दोन तासच सोन्याचा असतो. तेव्हा ते खातात, ओरडतात, उघड्यावर बसतात. ऊन चढलं की झाडीत गडप. आणि सकाळच्या फेरीची बाहेर यायची वेळ ठरलेली असते. तुम्ही आत कधी गेलात याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणजे गेटवरचा प्रत्येक मिनिट हा आमच्याच खिशातून जात होता.

आमच्या जिप्सीत दोन तरुण मुलं होती, हातभर लांब लेन्स घेतलेली. त्यातल्या एकाने घड्याळ बघत सुचवलं की आजींना इथे शेकोटीशी बसवू, आपण जाऊन येऊ. त्याच्या बाजूने बोलायचं तर त्यानेही पैसे भरले होते. पण मी त्याच्याकडे असं बघितलं असेल की तो विषय परत निघाला नाही. वन्सं मात्र खरंच शेकोटीशी जाऊन बसल्या आणि तिथल्या बाईशी धानाच्या भावाबद्दल बोलायला लागल्या. "तू काहून इतकी तापते? आपण काही ऑफिसला निघालो नाही," मला म्हणाल्या. त्यांच्यासाठीच तापले होते, हे सांगण्यात अर्थ नव्हता.

गाईडने तेवढ्यात आम्हाला कानाने पक्षी ओळखायला लावलं. तांबटाची ठकठक, दूर कुठे सातभाईंचा कलकलाट. चांगली पोर आहे, एरवी मी वही काढली असती. त्या क्षणी मला फक्त मोबाइलच्या रेंजचा आवाज ऐकायचा होता.

शेवटी तो माणूस मोटारसायकलवरून आला. केस विस्कटलेले, जॅकेट उलटं. "इतकी नावं असतात ना मॅडम, होते कधी कधी." मी विचारलं, आधारचा फोटो कशाला मागितला होता? त्यावर तो वनरक्षकाशी बोलायला निघून गेला. त्याच्या बोलण्याने काहीही झालं नाही, हे नोंदवून ठेवते. काम झालं ते वनरक्षकाने स्वतःहून वरच्या साहेबांना फोन लावल्यामुळे. साहेबांनी विचारलं असावं, म्हातारी बाई खरीच म्हातारी आहे का. हा म्हणाला, "हो जी, सत्तरच्या वरच हायेत." मग मूळ आधारवरून पूर्ण नाव आणि नंबर नोंदवहीत उतरवला, वन्संची सही घेतली, आयोजकाच्या माणसाची चूक झाल्याबद्दल सही घेतली, आणि फाटक उघडलं. त्याने 'चूक झाली' हे स्वतःच्या हाताने लिहिलं तेव्हा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आत शिरलो तेव्हा ऊन ऐनाच्या झाडांच्या शेंड्यावरून बुंध्यापर्यंत उतरलं होतं. भृंगराज दिसला, शेपटीची ती दोन पिसं मागे लोंबत. सर्पगरुडाची शीळ ऐकून आम्ही माना वर केल्या, तर ती शीळ भृंगराजच घालत होता. नकला करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. हरियालांचा थवा उंबरावर होता, पण पानांच्या रंगात इतका मिसळलेला की गाईडने बोट धरून दाखवल्याशिवाय कळेना. राखी धनेशाची जोडी उडताना एकदाच दिसली. एवढंच. आधी गेलेल्या जिप्सीवाल्यांनी पाणवठ्यावर काय काय बघितलं ते मी मुद्दाम विचारलं नाही.

दुर्बिणीचं राहिलं. आठ बाय बेचाळीस पुरे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची. दहा बाय पन्नास हातात जड होते, थंडीने बोटं आखडलेली असताना चित्र हलतं. कपडे मातकट रंगाचे, पांढरा स्वेटर नको. उघड्या जिप्सीत वारा लागतो, म्हणून शालीपेक्षा वारा अडवणारं जाकीट बरं. ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर जिप्सीत मागची उंच सीट घेऊ नका, चढा-उतरायला त्रास होतो आणि खड्ड्यात तीच जास्त उडते. परमिटची छापील प्रत जवळ ठेवा. तिथे फोनवरचं काही उघडेल याची खात्री नाही.

दुपारी गोंदियाकडे निघालो. महाराष्ट्रात सारस दिसायचा तो इथेच, गोंदिया, भंडारा, जरासा चंद्रपूरकडे, आणि संख्याही अगदी थोडी. परसवाड्याच्या तलावाच्या बाजूने गाडी हळू घेतली. धान कापून झालेलं, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लाखोळी या डाळीच्या पिकाचा हिरवा गालिचा. गाईडने गाडी लांबच थांबवली, उतरू दिलं नाही. "त्यांना आपण दिसतो, पण गाडीची सवय आहे," म्हणाली.

तिघं होते. नर-मादी आणि त्यांचं पिल्लू. मोठ्यांची डोकी लाल, उंची जवळजवळ माणसाएवढी. पिल्लाचं डोकं अजून तपकिरी-पिवळसर, लाल व्हायचं बाकी. पावसाळ्यात धानातच घरटं करतात, त्यामुळे ते पिल्लू याच बांध्यांत वाढलेलं. मोठे दोघे चिखलात चोच घालून काहीतरी उकरत होते, पिल्लू त्यांच्या मागे. मग नराने मान आभाळाकडे केली आणि एक लांब तुतारी दिली. मादीने लगेच दोन छोट्या. परत त्याची एक, तिच्या दोन. वन्संनी दुर्बीण खाली ठेवून नुसतं ऐकलं. नंतर म्हणाल्या, "घरी माझ्या भावाचं आणि तुझं उलटं आहे." मी काही बोलले नाही.

वरून विजेच्या तारा जातात. सारसांचे जीव जाण्याचं एक मोठं कारण त्याच तारा, हे गाईडने सांगितलं तेव्हा आम्ही सगळेच वर बघायला लागलो. सारस बघायला स्थानिक गाईडशिवाय जाऊ नका. शेत कोणाचं, कुठपर्यंत जायचं, पिल्लू असेल तर किती लांब राहायचं, हे त्यांनाच कळतं. आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बांधावर पाय टाकू नका, लाखोळी तुडवली जाते.

आल्यावर मी आयोजकांना लिहिलं की गेटवर गेलेल्या वेळेचा जिप्सीचा हिस्सा परत करा. दोन दिवसांनी उत्तर आलं: परमिटचे पैसे परत मिळत नाहीत, पुढच्या सहलीत दहा टक्के सवलत देऊ. मी परत लिहिलं की मी परमिटचे मागितलेच नाहीत, जिप्सीचे मागितले. त्यावर अजून उत्तर नाही. गाईड मुलीला मात्र मी वेगळे पैसे पाठवले, तिचा नंबर वहीत लिहून ठेवलाय, आणि जानेवारीत वन्संच्या मैत्रिणींना घेऊन थेट तिच्याशीच बोलणार आहे. परमिटचा फॉर्म मी स्वतः भरणार.