पुण्याला का जात नाहीस?

अभ्यासिकेतल्या मुली विचारतात, मावश्या विचारतात, परवा ट्यूशनच्या एका मुलाच्या आईनंही विचारलं, "वडिलांशी रोज वाजतं म्हणतेस, मग पुण्याला जाऊन का करत नाहीस एमपीएससीचा अभ्यास?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते, कारण 'परवडत नाही' एवढ्यावर हा प्रश्न कधी मिटत नाही.

परवडत नाही हे खरंच आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहायचं, वर मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज. माझे वडील, अण्णा, बार्शी डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफच्या योजनेतली, तुटपुंजी. ज्यांच्या घरी ती येते त्यांना आकडा सांगायला नको. मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या ट्यूशन घेते, त्यातून गॅस, लाइट बिल आणि माझी पुस्तकं निघतात. पण हातात पैसे असते तरी मी गेले नसते.

आमचं भांडण अभ्यासावरून नाही, वयावरून आहे. मी 31 वर्षांची आहे. राज्य सरकारच्या नोकरीसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा 33 होती, ती 2016 मध्ये 38 झाली. माझ्यासारखीला तेवढाच आधार. अण्णांना हे कुणीतरी स्टँडवर सांगितलं आणि घरात पाऊल टाकताच त्यांनी विचारलं, "म्हणजे अडतीसपर्यंत अशीच बसणार का गं तू?" मला जे दार उघडं दिसतं, ते त्यांना मुलीचं वय वाहून जाणारं भगदाड दिसतं. त्यात एखादं स्थळ आलेलं असलं की त्या आठवड्यात जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही.

अण्णांनी अर्ज केला, गाडी चालवून दाखवली, बिल्ला लागला. त्यांच्या लेखी नोकरी अशी लागते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेत मात्र पूर्व, मग मुख्य, मग मुलाखत. मुख्य परीक्षा 2023 पासून वर्णनात्मक, म्हणजे पर्याय न निवडता उत्तरं लिहून द्यायची, होणार असं ठरलं होतं, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि ते 2025 वर गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्व परीक्षा आणि आयबीपीएसची बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली. पुन्हा आंदोलन झालं आणि पूर्व परीक्षा 1 डिसेंबरला झाली. मुलांचं म्हणणं रास्त होतं, दोन्ही वेळा मी त्यांच्याच बाजूची होते. पण घरात त्याचा अर्थ एवढाच होतो की अण्णा विचारतात, "झाली का परीक्षा?" आणि मी सांगते, "पुढे गेली." खरं असूनही ते बहाणा केल्यासारखं ऐकू येतं.

दिवाळीत पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "हिचं काय, तारखा पडतायत नि ही वाट बघत बसलीय." पाहुणे जाईपर्यंत मी गप्प राहिले. मग म्हटलं, "अण्णा, तुम्ही संपावर होता तेव्हा मी एकदा तरी विचारलं का, कामावर कधी जाणार म्हणून?"

तो संप ऑक्टोबर 2021 च्या शेवटाला सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. पगार बंद. किराणा उधारीवर, आई रात्री उशिरापर्यंत ब्लाउज शिवायची. अण्णा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून डेपोसमोरच्या मंडपात जाऊन बसायचे. ड्यूटीवर निघाल्यासारखेच, फक्त हातात डबा नसायचा. हायकोर्टात तारखा पडत होत्या. मागणी एसटीच्या शासनात विलीनीकरणाची होती, ते काही झालं नाही, शेवटी सगळे कामावर परतले. त्या काळात आम्ही कुणीच त्यांना काही विचारलं नव्हतं.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्यामागं हजारो माणसं बसली होती. तुझ्यामागं कोण हाय?"

पुण्याला का जात नाही, याचं उत्तर इथं आहे. माझ्यामागं ते आहेत. रोज टोचून बोलणारा हा एकच माणूस आहे ज्याला माझ्या निकालानं झोप लागणार किंवा उडणार आहे. पुण्याच्या अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीतली मुलगी कितीही जीव लावणारी असली, तरी तिलाही तीच पोस्ट हवी असते. आणि वडिलांच्या घरात राहून, त्यांचं अन्न खाऊन, त्यांनी मला काहीच विचारू नये ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. विचारायचा हक्क त्यांना आहे. चारचौघांत विचारू नये, एवढंच माझं मागणं, आणि तेवढं मी त्यांना तोंडावर सांगितलं. दिवाळीपासून पाहुण्यांसमोर माझा विषय निघालेला नाही. घरात निघतो.

मुदतीवर मात्र अजून एकमत नाही. ते म्हणतात तेहतिसाव्या वर्षी थांब. माझं म्हणणं, मुख्य परीक्षा आता लिहून द्यायची, 1750 गुणांची, तिला सामोरं जायला मला पुरेशी संधी मिळू द्या, वयाचा आकडा घालू नका. आईला दोघांचंही पटतं, त्यामुळे तिचा उपयोग होत नाही. टेस्ट सिरीजसाठी महिनाभर पुण्याला जावं लागेल असं मी परवा बोलून ठेवलंय. अण्णांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण खोलीचं भाडं किती पडेल, ते विचारलंय.