धुऱ्यावरचा ताडोबा

चिमूर तालुक्यातील आमचे शेत ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात येते. साडेतीन एकर धान, थोडा हरभरा आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाची दोन झाडे एवढाच तो तुकडा. वडील होते तोवर धान निसवले की ते रोज रात्री मचाणावर जागलीला जात आणि पहाटे डोळे लाल करून परतत. आता धाकटा भाऊ जातो. नोकरीमुळे मी नागपुरात असतो, तरी दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन रात्री त्याच्यासोबत काढतो. त्या रात्रींनी माझे एक मत पक्के केले आहे. ताडोबाचे रक्षण होते की नाही, हे शेवटी आमच्यासारख्यांच्या धुऱ्यावर ठरते.

ताडोब्यात 1935 साली शिकारीवर बंदी आली, 1955 साली 116.55 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आले आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. हा गाभा सुमारे 625 चौरस किलोमीटरचा आहे. त्याभोवती 2010 मध्ये आखलेले सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचे बफर मात्र निव्वळ जंगल नव्हे. त्यात गावे, धानाच्या बांध्या, तलाव, रस्ते आणि गायरान सारेच आहे. वाघाला नकाशावरची ही रेघ ठाऊक नसते. वयात आलेला नर स्वतःचा इलाखा शोधत गाभ्यातून निघतो, तेव्हा ब्रह्मपुरीकडे किंवा उमरेड-कऱ्हांडल्याकडे जाणारी त्याची वाट शेतांमधूनच जाते.

गाभ्यातील माणसांनी या जंगलासाठी काय दिले, याची आठवण ठेवली पाहिजे असे मला मनापासून वाटते. बोटेझरी, नवेगाव, जामणी ही तिथली गावे टप्प्याटप्प्याने बाहेर आली. आज पर्यटक जिप्सीत बसून ज्या जामणीच्या कुरणात चितळांचे कळप पाहतात, तिथे कधीकाळी लोकांची घरे आणि शेते होती. ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव पडले असे सांगतात, तो वाघाशी झुंजताना मरण पावलेला गोंडांचा गावप्रमुख, अशी आख्यायिका आहे. तळ्याकाठच्या त्याच्या स्थानावर पौषात जत्रा भरत असे. प्रति कुटुंब 10 लाख रुपयांचे, पुढे 15 लाख झालेले पुनर्वसनाचे पॅकेज आवश्यक होते, पण देवाचे ठिकाण, सरपणाची वाट आणि शेजार त्यात मोजता येत नाहीत.

आता धुऱ्याकडे येतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्ध्या एकराचे धान लोळवतो. रोही (नीलगाय) आणि चितळ हरभऱ्याचे शेंडे खुडतात. हताश झालेला शेतकरी मग विजेच्या खांबावर आकडा टाकून धुऱ्याभोवती उघड्या तारेत प्रवाह सोडतो. घरगुती जोडणीचा हा 230 व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, स्पर्श झालेला जीव तारेपासून सुटू शकत नाही, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ, बिबट, गाय आणि शेजारचा माणूसही मरतो. जय या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड परिसरात असाच गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्याला पुरून टाकण्यात आले होते आणि कॉलरमुळेच शोध लागला. ही कृती गुन्हा आहे आणि शिक्षा व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु शिक्षेची भीती ज्या रात्री कामाला येत नाही, ती रात्र मी मचाणावरून पाहिलेली आहे.

पीक नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर अशा तारा निश्चित कमी होतील. नियमाप्रमाणे वनविभाग, महसूल आणि कृषी या तिन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी मिळून पंचनामा करायचा असतो. तिघांची वेळ जुळेपर्यंत लोळलेले धान कुजून जाते किंवा नाइलाजाने कापले जाते. जो ठेक्याने शेती करतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नुकसान त्याचे आणि अर्ज मालकाचा. आमच्याही एका हंगामाचा अर्ज असाच कागदपत्रांच्या फेऱ्यांत अडकला होता. वाघाने माणूस मारला तर कुटुंबाला आता 25 लाख रुपये मिळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र दरवर्षी थोडे थोडे बुडणारे पीक माणसाच्या मनात जंगलाविषयी जो राग साठवत जाते, त्याची दखल तितक्या तत्परतेने घेतली जात नाही.

उन्हाळ्यात हाच ताण जंगलात शिरतो. मार्च-एप्रिलमध्ये बायका अंधार असतानाच मोहफुले वेचायला निघतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि हरणे फुले खाऊन टाकतात. फुले स्वच्छ दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि कित्येकदा वणवा तिथूनच पसरतो. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. वाकून काम करणारे माणूस वाघाला सावजासारखे भासते, म्हणून गटाने आणि उजाडल्यावर जावे हे सर्वांना माहीत आहे; पण हंगाम जेमतेम काही दिवसांचा आणि मजुरी पुड्यांवर मोजली जाणारी असल्यामुळे थांबणे परवडत नाही.

मोठ्या दबावांविषयीही लिहिणे भाग आहे. लोहारा येथील कोळसाखाणीच्या प्रस्तावाविरुद्ध 2009 मध्ये चंद्रपुरात इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोतरे यांनी उपोषण केले आणि पुढे तो प्रस्ताव मागे पडला, ही आमच्या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. मोहर्लीच्या बाजूला शेते विकली जाऊन तिथे रिसॉर्ट उभे राहतात, त्यांना कुंपणे येतात, आणि जमीन विकलेला शेतकरी पुष्कळदा तिथेच चौकीदार होतो. आकड्याच्या तारेला आपण गुन्हा म्हणतो, तर वन्यजीवांची वाट अडवणाऱ्या कायदेशीर भिंतीचाही विचार त्याच गांभीर्याने झाला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शासकीय अनुदानातून सौर कुंपण घेतले. त्याचे यंत्र क्षणार्ध टिकणारा झटका ठरावीक अंतराने सोडते, त्यामुळे जनावर दचकून मागे हटते आणि मरत नाही. परंतु गवत तारेला टेकले की प्रवाह जमिनीत उतरतो आणि झटका मंदावतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखाली साफसफाई करावी लागते. शेजारच्या चार शेतकऱ्यांनीही अशीच कुंपणे घेतली होती. त्यांपैकी दोघांच्या बॅटऱ्या बंद पडल्या आणि दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत धान निसवून गेले. गावातल्याच दोन मुलांना हे काम शिकवावे आणि त्याचा खर्च ग्रामपरिस्थितिकीय विकास समितीने उचलावा, असा अर्ज भावाने लिहिला आहे. पुढच्या बैठकीत तो मांडण्यासाठी मी गावी जाणार आहे.